साचा बरोबर चाललाय

२००१ सालच्या पावसाळ्यात, लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत, मी रामश्टाइन या जर्मन बँडचा 'लाइव्ह आउस बर्लिन' हा अल्बम पहिल्यांदा ऐकला. सीडी मूळची नव्हती. वसतिगृहात राहणाऱ्या एका मित्राने कोऱ्या सीडीवर उतरवून दिलेली होती आणि गाण्यांची नावे त्याने निळ्या बॉलपेनने, जर्मन स्वरांवरची टिंबे बिनदिक्कत गाळून लिहिली होती. संगणकाचे दोन लहान स्पीकर मी आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेवर ठेवले होते, कारण खोलीत दुसरीकडे जागाच नव्हती. आजोबांची हयात एका कापड गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर, गेली होती. साचे चालवणाऱ्या बहुतेकांचे होते तसे त्यांचे कान कामावरच गेले होते, आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर कामही गेले. खाटेवर बसल्या बसल्या त्यांनी एक हात ट्रंकेवर टेकवला होता. तिसरे गाणे अर्ध्यावर आले असताना ते एकदम म्हणाले, "साचा बरोबर चाललाय. धागा कुठे तुटत नाही." मी हसलो. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "मग विणणारा काय करतो रे?"

त्यांनी हे कौतुकाने विचारले नव्हते आणि चेष्टेनेही नाही. साच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचे खरे काम ताणाचा धागा तुटला की सुरू होते: साचा थांबवायचा, तुटलेले टोक शोधायचे, गाठ मारायची, पुन्हा चालू करायचा. धागा तुटतच नसेल तर कापड यंत्र विणते आणि माणूस नुसता उभा राहतो. इंडस्ट्रियल मेटल या संगीतप्रकारावर आणि विशेषतः त्यातल्या लाइव्ह अल्बमवर घेता येईल असा हा सर्वांत अवघड आक्षेप आहे, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

या संगीताचे नावच कारखान्यावरून पडले आहे. १९७६ मध्ये लंडनमधल्या थ्रॉबिंग ग्रिसल या चमूने आपल्या ध्वनिमुद्रण संस्थेला 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' असे नाव दिले, आणि ते पुढे एका संपूर्ण प्रवाहाला चिकटले. १९८० मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटन या बँडने पत्रे, स्प्रिंगा आणि ड्रिल यंत्रे वाद्ये म्हणून मंचावर आणली. त्याच वर्षी स्लोव्हेनियातल्या त्र्बोव्ह्ल्ये या खाणकामगारांच्या गावात लाइबाख हा बँड उभा राहिला. पुढे अमेरिकेत मिनिस्ट्री आणि नाइन इंच नेल्स, बर्मिंगहॅममध्ये गॉडफ्लेश अशा मंडळींनी त्या यांत्रिक ठोक्यावर मेटलचे गिटार चढवले. गॉडफ्लेशने तर सुरुवातीला ड्रमर ठेवलाच नाही. तालाचे काम यंत्रावर सोपवले आणि ते लपवलेही नाही.

आपल्याकडे मैफलीत गायक लय किंचित पुढे ओढतो, तबलजी ती सावरतो, समेवर दोघे भेटतात आणि श्रोता मान हलवतो. त्या दिवशी, त्या खोलीत, तेवढ्यापुरते जे घडले त्यालाच आपण मैफल म्हणतो. रॉकमधले जुने लाइव्ह अल्बमही याच जातीचे असतात: गाणी लांबतात, वेग चढतो, चुका होतात आणि त्या चुकांवर रसिकांचा जीव जडतो. इंडस्ट्रियल मेटलमध्ये ही सगळी दारे बंद असतात. सिक्वेन्सर आणि सॅम्पलर या यंत्रांमधून येणारे, आधीच साठवलेले आवाज आधीच ठरलेल्या वेगाने धावत असतात, ड्रमर कानातल्या टिकटिकीशी बांधलेला असतो आणि दोन्ही गिटार तारांवर तळहात दाबून त्याच ठोक्यावर उतरतात. 'डू हास्ट' हे गाणे मिनिटाला सुमारे १२५ ठोक्यांनी चालते, आणि घरी ऐकले काय किंवा हजारो माणसांसमोर वाजवले काय, ते तसेच चालावे हीच त्याची शिस्त आहे. मग स्टुडिओतला अल्बम हाताशी असताना हा दुसरा कशासाठी ऐकायचा?

त्याचे उत्तर शोधायला ते ध्वनिमुद्रण जिथे झाले त्या जागी जावे लागते. कामानिमित्त वर्षभर बर्लिनमध्ये राहिलो तेव्हा ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मी खरोखरच गेलो. शहरी रेल्वेच्या एस-३ मार्गावर, पूर्वेला, वुल्हहायडे नावाचे स्थानक आहे. स्थानकाबाहेर पडल्यावर थेट झाडी लागते. तिथून उद्यानाच्या आत जाणारी एक छोटी आगगाडी सुटते. तिच्या दोन रुळांमधले अंतर अवघे ६०० मिलिमीटर आहे. पूर्व जर्मनीच्या काळात, १९५६ मध्ये, पायोनियर या सरकारी बालसंघटनेच्या मुलांसाठी ती सुरू झाली, आणि आजही तिकीट तपासण्यापासून हिरवा कंदील दाखवण्यापर्यंतची बरीच कामे मुलेच करतात. माझे तिकीट अकरा-बारा वर्षांच्या एका मुलीने तपासले. तिची गणवेशाची टोपी दोन बोटे मोठी होती आणि चेहऱ्यावर रेल्वे खात्याचा संपूर्ण भार होता. तिच्या गाडीने उतरवले तिथून चालत गेल्यावर झाडांमध्ये एका वाडग्यासारखा खोल उतरत गेलेला खुला रंगमंच दिसतो. त्याचे फाटक बंद होते. गजांतून बाकांच्या रांगा दिसत होत्या आणि त्यांवर पिवळी पाने पडली होती.

याच मंचावर २२ आणि २३ ऑगस्ट १९९८ या दोन रात्री रामश्टाइनने कार्यक्रम केले आणि त्यांतून हा अल्बम तयार झाला. तो बाजारात आला पुढच्या वर्षीच्या ऑगस्टअखेरीस. मंचाची क्षमता सुमारे सतरा हजारांची. बर्लिनमध्ये याहून मोठा खुला रंगमंच वाल्डब्यूने हा आहे. तो पश्चिमेकडे आहे आणि १९३६ च्या ऑलिम्पिकसाठी नाझी राजवटीने बांधलेला आहे. वुल्हहायडे मात्र पूर्वेचा. बँडमधले सहाही जण पूर्व जर्मनीत वाढलेले आहेत. गायक टिल लिंडेमान किशोरवयात देशासाठी पोहत असे आणि नंतर त्याने टोपल्या विणण्याचेही काम केले. (आजोबांना हे सांगायचे राहूनच गेले. बुरूडकाम म्हटल्यावर त्यांचे मत नक्की बदलले असते.) कीबोर्ड वाजवणारा क्रिस्टियान लोरेन्त्स, ज्याला सगळे फ्लाके म्हणतात, आणि गिटारवादक पाउल लांडर्स हे दोघे पूर्व बर्लिनच्या फीलिंग बी या पंक बँडमधले. त्या देशात लोकांसमोर वाजवायचे तर आधी एका समितीपुढे वाजवून दाखवून परवाना मिळवावा लागे. भिंत पडली तेव्हा यांतली बहुतेक मंडळी विशी-पंचविशीत होती, म्हणजे एका देशात शिकून तयार झाली आणि दुसऱ्यात कामाला लागली.

उद्यानाच्या दक्षिणेला, श्प्रे नदीच्या काठाने, ओबरश्योनेवाइडे हा भाग आहे. एईजी कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे विजेच्या तारांचे आणि यंत्रांचे प्रचंड कारखाने उभारले. पूर्व जर्मनीच्या काळात ते सरकारी मालकीचे होऊन चालत राहिले आणि एकीकरणानंतर काही वर्षांत जवळजवळ सगळे बंद पडले. पिवळसर विटांच्या त्या लांबलचक इमारतींमध्ये आता एक विद्यापीठ भरते. तिथल्या फुटपाथावरून चालताना मला परळची आठवण आली नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. गिरण्यांचे भोंगे बंद झाल्यावर आमच्या चाळीत पहिली काही वर्षे आजोबा त्या वेळेला आपोआप जागे होत, हे आई अजून सांगते. कारखाना थांबला तरी त्याचा ताल अंगात राहतो. १९९८ च्या त्या दोन रात्री वुल्हहायडेला जमलेल्या पूर्वेकडच्या प्रेक्षकांच्या अंगात असे काय काय शिल्लक असेल, याचा अंदाज बाहेरच्याने फार बांधू नये; पण त्या उद्यानात लहानपणी गळ्यात पायोनियरांचा निळा रुमाल बांधून आलेले कितीतरी जण त्या गर्दीत असणार, इतके म्हणायला हरकत नसावी.

अल्बम 'श्पील मिट मिअर'ने उघडतो आणि 'डू हास्ट'पर्यंत येता येता गर्दी पुरती तापलेली असते. या गाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण काळा घोड्याच्या माक्स म्यूलर भवनात मी जर्मनच्या वर्गात नाव घातले ते याच गाण्यापायी. 'डू' म्हणजे तू, आणि 'हास्ट' हे साहाय्यक क्रियापद आहे. जर्मन वाक्यात ते आधी येते आणि खरे क्रियापद वाक्याच्या अगदी शेवटी. गायक हे वाक्य एकेक शब्दाने वाढवत जातो आणि दर वेळी अर्धवट सोडून देतो. मराठी माणसाला ही कळ समजावून सांगावी लागत नाही. "तू मला" एवढे म्हणून कोणी थांबले, की आपण श्वास रोखून पुढच्या शब्दाची वाट पाहतो: मारलंस, फसवलंस, की नुसतेच विचारलंस? आपल्याकडे ती मधली जागा रिकामी असते. जर्मनमध्ये मात्र तिथे 'हास्ट' उभा असतो, आणि 'तिरस्कार करतोस' या अर्थाचा शब्दही कानाला हुबेहूब तसाच लागतो. त्यामुळे वाक्य पुरे होईपर्यंत श्रोत्याच्या मनात आरोप होऊन गेलेला असतो. शेवटी क्रियापद येते आणि ते निघते 'विचारलंस'. बँडने या गाण्याची इंग्रजी आवृत्ती केली तेव्हा सरळ तिरस्काराचाच शब्द घातला आणि सगळी गंमत तिथेच संपली.

स्टुडिओतल्या गाण्यात या थांब्यांमध्ये फक्त यंत्राचा ठोका असतो. वुल्हहायडेला त्या थांब्यांमध्ये गर्दी आहे. गाण्यात लग्नाची शपथ विचारली जाते, मरेपर्यंत एकनिष्ठ राहशील का म्हणून, आणि त्याला "नाइन", म्हणजे नाही, असे उत्तर आहे. ते उत्तर हजारो घशांतून येते आणि ऐकताना स्पष्ट जाणवते की ते ठोक्यावर पडत नाही, किंचित मागे पडते. आवाजाला मंचापासून मागच्या रांगेपर्यंत जायला आणि परत यायला वेळ लागतो. वाडग्यासारख्या त्या जागेत वेगवेगळ्या रांगांचे "नाइन" वेगवेगळ्या क्षणी निघतात आणि एकत्र होऊन एक जाड, कडा फाटलेला आवाज बनतो. यंत्र त्यासाठी थांबत नाही. पण कान त्या फाटलेल्या कडेपाशीच जातो. आजोबांच्या प्रश्नाला मला सापडलेले पहिले उत्तर हे होते: धागा मंचावर तुटत नाही, तो बाकांवर तुटतो.

इतक्या लोकांनी एका ठोक्यावर एक शब्द ओरडणे, तेही जर्मन भाषेत, बर्लिनमध्ये, ही निरागस गोष्ट नव्हे, आणि ते बँडला ठाऊक नव्हते असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. या कार्यक्रमांच्या जेमतेम महिनाभर आधी त्यांनी डिपेश मोड या इंग्रज बँडच्या 'स्ट्रिप्ड' या गाण्याची आपली आवृत्ती काढली होती आणि तिच्या चित्रफितीत नाझी राजवटीची चित्रपट दिग्दर्शिका लेनी रीफेनश्टाल हिने १९३६ च्या ऑलिम्पिकवर केलेल्या चित्रपटातली दृश्ये वापरली होती. जर्मनीत त्यावरून गदारोळ झाला आणि तो रास्त होता, असे माझे मत आहे. सौंदर्याला राजकारण चिकटलेले नसते, असे म्हणण्याची सोय त्या चित्रपटाच्या बाबतीत कोणालाच नाही. पुढे २००१ मध्ये त्यांनी 'लिंक्स २ ३ ४' हे गाणे केले, ज्यात हृदय डावीकडे, म्हणजे डाव्या विचारांच्या बाजूला, असल्याचे कवायतीच्या तालावर ठणकावून सांगितले आहे. म्हणजे उत्तर देण्याची गरज त्यांनाही वाटली. हा अल्बम ऐकताना मला ती अस्वस्थता दर वेळी जाणवते आणि ती जाणवू नये असे वाटत नाही. एवढे मात्र नोंदवतो की या संपूर्ण कार्यक्रमात गर्दीकडून सर्वांत मोठ्याने वदवून घेतलेला शब्द 'नाही' हा आहे.

शेवटाकडे येणारे 'रामश्टाइन' हे गाणे मी वर्षानुवर्षे फक्त कानाने ऐकले. संथ, जड, एकाच जागी पाय आपटत राहणारे. नावामागची घटना मला नंतर समजली. २८ ऑगस्ट १९८८ रोजी पश्चिम जर्मनीतल्या रामश्टाइन येथील अमेरिकी हवाई तळावर कसरती चालू असताना इटालियन पथकाची तीन विमाने एकमेकांवर आदळली आणि त्यांतले एक प्रेक्षकांत कोसळले. सत्तर माणसे मेली. त्या गावाच्या नावात एक 'म' जादा घालून बँडने आपले नाव घेतले, आणि त्यामुळे त्याचा अर्थ धडक देणारा दगड असाही होऊ लागला. वुल्हहायडेच्या रात्री आणि त्या अपघाताचे दहावे वर्षश्राद्ध यांत जेमतेम पाच दिवसांचे अंतर होते. गाणे चालू असताना लिंडेमानच्या अंगावरचा कोट पेटलेला असतो. आग हा या बँडचा खेळ आहे, पण तो एकदा अंगाशी आला होता: १९९६ मध्ये बर्लिनच्याच एका कार्यक्रमात मंचावरची जळती सजावट कोसळली. त्यानंतर त्यांनी हे काम प्रशिक्षित माणसांकडे सोपवले आणि लिंडेमानने स्वतः शोभेच्या दारूकामाचा रीतसर परवाना काढला. जळणाऱ्या माणसाच्या गाण्याला टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकांविषयी मला नेमके काय वाटते हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. प्रेक्षकांनी भरलेले मैदान आणि त्यांच्या दिशेने येणारी आग, हीच तर त्या दुर्घटनेची आकृती आहे.

'ब्युक डिश'बद्दल थोडक्यात. त्या गाण्याच्या वेळी मंचावर चालणारा लैंगिक देखावा चित्रफितीच्या काही आवृत्त्यांतून वगळला गेला आणि १९९९ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या वूस्टर शहरी त्याच देखाव्याबद्दल लिंडेमान आणि फ्लाके यांना अटक होऊन एक रात्र कोठडीत काढावी लागली. मी ते गाणे पुढे ढकलतो. त्यात धक्का देण्याव्यतिरिक्त काही नाही आणि दुसऱ्यांदा ऐकताना धक्काही उरत नाही.

त्यापेक्षा 'विल्डर वाइन'पाशी थांबावे. हे गाणे बँडच्या स्टुडिओतल्या कुठल्याही अल्बममध्ये नाही. विल्डर वाइन म्हणजे भिंतींवर चढणारी, शरद ऋतूत लालभडक होणारी जंगली द्राक्षवेल. इथे ठोका जवळजवळ विरघळतो आणि लिंडेमानचा आवाज एकटा पुढे येतो. खर्जात, कुजबुजीच्या जवळ. आणि तिथे, चांगले हेडफोन लावून ऐकले तर, त्याचा श्वास ऐकू येतो. आधीच्या गाण्यांत धावाधाव करून, आगीशेजारी उभे राहून दमलेल्या माणसाचा श्वास. स्टुडिओत हा श्वास कापून टाकता येतो किंवा मोहक करून ठेवता येतो. इथे तो नुसता आहे. जर्मनच्या वर्गात आमच्या बाई 'आर' हा उच्चार घशात कसा करायचा ते शिकवायच्या, आणि मी घरी येऊन या गाण्यातला 'आर' ऐकायचो. पुस्तकी उच्चार आता असा करत नाहीत, तू हा कुठून आणलास, असे त्यांनी एकदा चक्रावून विचारले होते. लिंडेमान तो 'आर' जिभेने घोळवतो, आपल्या मराठी र-सारखा, म्हणून तर तो मला जमला होता.

शेवटचे गाणे 'झेमान', म्हणजे खलाशी. ऑलिव्हर रीडेलच्या बेस गिटारवर ते उघडते. सुरावट साधी, संथ, आणि इतक्या गदारोळानंतर एकदम एकाकी वाटणारी. खलाशी कुणाला तरी आपल्या नावेत ये म्हणून बोलावतो आहे, एवढाच विषय. या गाण्यात मला कित्येक वर्षे एक गोष्ट कळत नसे: गाणे मंद असताना गर्दीचा आवाज असा का उसळतो? मंचावर काही फुटलेले नाही, ठोका वाढलेला नाही, गायकाने साद घातलेली नाही. मी ते ध्वनिमुद्रणाच्या खात्यावर जमा करून टाकले होते.

पुढे केव्हातरी कार्यक्रमाचे चित्रण पाहायला मिळाले आणि उलगडा झाला. या गाण्यात फ्लाके कीबोर्ड सोडतो, हवा भरलेल्या एका रबरी होडीत बसतो आणि ती होडी प्रेक्षकांवर सोडली जाते. बाकी सगळा कार्यक्रम सेकंदाच्या हिशेबाने बांधलेला. दारूकामाचा प्रत्येक भडका कुठे आणि कधी हे कागदावर ठरलेले. ही होडी मात्र कुठे जाणार ते कोणालाच सांगता येत नाही. ती हातांवरून सरकते, एका बाजूला कलते, कोणीतरी घाईने खालून टेकू देतो, ती गरकन फिरते, मंचाकडे पाठ होते, मागच्या रांगेतले हात तिला आपल्याकडे ओढतात. होडीतला उंच, हडकुळा माणूस दोन्ही काठ घट्ट धरून बसलेला असतो. ज्याची यंत्रे आतापर्यंत सगळ्यांना वेग देत होती, तोच आता अनोळखी तळहातांवर आहे, आणि मंचावर उरलेले पाच जण तो परत येईपर्यंत वाजवत आहेत.

हे चित्रण मी पाहिले तेव्हा आजोबा जाऊन तीन वर्षे झाली होती. ट्रंक अजून तिथेच होती, तिच्यावर आता आईचे शिवणयंत्र ठेवलेले होते. मी आवाज बंद केला आणि ते गाणे पुन्हा एकदा, नुसत्या हातांकडे बघत, पाहिले.